पेशीला "आता पुरे" कोण सांगतं? यीस्टमधल्या एसएसटी२ बद्दल

बाहेरून निरोप आला की पेशी कामाला लागते हे आपण सगळे बारावीपासून शिकत आलोय, रिसेप्टरवर काहीतरी येऊन बसलं, आत सिग्नल गेला, मग बाणांची एक लांबलचक साखळी आणि शेवटी "रिस्पॉन्स" लिहिलं की झालं उत्तर. पण निरोप संपला, आता थांबायचं, हे पेशीला कोण सांगतं? त्याचा बाण बहुतेक आकृत्यांमध्ये नसतोच. मी इथे नाशिकला बीएस्सीच्या मुलांना मायक्रोबायोलॉजी शिकवते आणि दरवर्षी जी प्रोटीनचा (रिसेप्टरचा निरोप पेशीच्या आत पुढे देणाऱ्या प्रोटीनचा) टॉपिक आला की माझा निम्मा तास या राहून गेलेल्या बाणावरच जातो, पोर्शन मागे पडतो, पण मला ते सोडवत नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

उदाहरण यीस्टचं घेते, कारण ही गोष्ट तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसते. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, म्हणजे आपलं पावाचं आणि वाइनचं यीस्ट. याच्या एकपट गुणसूत्रांच्या पेशी दोन प्रकारच्या असतात, ए आणि अल्फा. दोघी आपापला फेरोमोन, म्हणजे जोडीदारासाठीचा रासायनिक निरोप, बाहेर सोडतात. अल्फा पेशीचा फेरोमोन म्हणजे अल्फा फॅक्टर, फक्त १३ अमिनो आम्लांची साखळी, इतकी छोटी. ए पेशीच्या पृष्ठभागावर तो ओळखणारा रिसेप्टर असतो, एसटीई२. अल्फा फॅक्टर तिथे बसला की ए पेशी विभाजन थांबवते, जी१ टप्प्यातच, म्हणजे डीएनएची नक्कल सुरू व्हायच्या आधीच, उभी राहते, आणि ज्या बाजूने फेरोमोन जास्त येतोय त्या बाजूला लांबट टोक काढायला लागते, पलीकडची अल्फा पेशीही तेच करत असते, आणि दोघी भेटल्या की एक होतात. डोळे नाहीत, कान नाहीत, पाय तर नाहीतच, आणि तरी ती बरोबर दिशा पकडते. मला अजूनही हे मायक्रोस्कोपखाली बघताना भारी वाटतं.

आता आत काय होतं बघा. रिसेप्टरच्या आतल्या बाजूला तीन तुकड्यांचं जी प्रोटीन असतं, अल्फा तुकडा जीपीए१, बीटा तुकडा एसटीई४ आणि गॅमा तुकडा एसटीई१८ (या अल्फाचा अल्फा पेशीशी संबंध नाही, नुसतं नाव सारखं). शांत असताना जीपीए१ च्या खिशात जीडीपी असतो आणि तिघे एकत्र असतात. फेरोमोन आला की रिसेप्टर जीपीए१ ला जीडीपी सोडायला लावतो, त्या जागी जीटीपी येतो (तोच रेणू, एक फॉस्फेट जास्त), आणि बीटा-गॅमाची जोडी सुटी होते. यीस्टमध्ये पुढचा निरोप ही सुटी झालेली जोडीच नेते, ती एसटीई५ आणि एसटीई२० यांना धरते, मग एसटीई११, एसटीई७, एफयूएस३ अशी कायनेजची, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइम्सची, रांग, आणि शेवटी न्यूक्लियसमध्ये एसटीई१२ जीन्स चालू करतो. जीपीए१ चं इथलं मुख्य काम म्हणजे त्या जोडीला धरून ठेवणं. याचा पुरावा १९८७ मध्येच मिळाला होता, जीपीए१ चा जीनच काढून टाकला तर एकपट पेशी फेरोमोन नसतानाही कायमची अडकून पडते, वाढतच नाही, कारण जोडीला धरायला कुणीच नाही. त्या काळात जी प्रोटीनचं खरं काम अल्फा तुकडाच करतो असं बहुतेकांचं मत होतं, आणि यीस्टने ते मत हलवलं. पुस्तकांमध्ये याचं श्रेय यीस्टला पुरेसं मिळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हे बंद कसं होतं? जीपीए१ स्वतःच जीटीपी तोडून त्याचा जीडीपी करतो, आणि तसं झालं की तो बीटा-गॅमाला परत पकडतो, सिग्नल संपला. पुस्तक इथे थांबतं. पण हे तोडायचं काम जीपीए१ एकटा फार म्हणजे फारच सावकाश करतो. २००३ मध्ये टाऊ-मू यी, हिरोआकी किटानो आणि मेल्विन सायमन यांनी जिवंत यीस्ट पेशींमध्ये हे मोजलं, जी प्रोटीनच्या तुकड्यांना चमकणारी प्रोटीन्स जोडून तुकडे कधी सुटतात, कधी परत जुळतात हे प्रकाशावरून पाहिलं. नॉर्मल पेशीत जीटीपी तुटायचा वेग निघाला सेकंदाला ०.११, आणि एसएसटी२ नावाचं एक प्रोटीन काढून टाकलेल्या पेशीत ०.००४. आकडे कोरडे वाटतात म्हणून वेळेत सांगते, नॉर्मल पेशीत चालू असलेली निम्मी जी प्रोटीन्स साधारण सहा सेकंदांत बंद होतात आणि एसएसटी२ नसेल तर त्यालाच जवळजवळ तीन मिनिटं लागतात. एका प्रोटीनमुळे एवढा फरक.

तर हे एसएसटी२ सापडलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते, कारण त्यात महागडं मशीन कुठलंच नाही. ए पेशींचा पातळ थर प्लेटवर पसरायचा, मधे कागदाच्या छोट्या चकतीवर अल्फा फॅक्टर टाकायचा, आणि उबदार ठेवून द्यायचं. चकतीच्या भोवती पेशी वाढत नाहीत, एक गोल रिकामी जागा दिसते, तिला हेलो म्हणतात. रसेल चॅन आणि कॅरोल ओट्टे यांनी १९८२ मध्ये असे म्युटंट वेगळे काढले जे फेरोमोनला प्रमाणाबाहेर संवेदनशील होते, नॉर्मल पेशीला जेवढा फेरोमोन जाणवतही नाही तेवढ्यात हे अडकून पडायचे. सुपरसेन्सिटिव्ह म्हणून एसएसटी. दोन जीन मिळाले. एसएसटी१ म्हणजे आज ज्याला बीएआर१ म्हणतात ते, पेशीबाहेर सोडलं जाणारं एन्झाइम जे अल्फा फॅक्टरचे तुकडे करून टाकतं, म्हणजे निरोपच पुसून टाकायचा. हे फक्त ए पेशींकडे असतं. आणि एसएसटी२ चं काम पेशीच्या आतलं, ते दोन्ही प्रकारच्या पेशींना लागतं. एसएसटी२ नसलेल्या पेशी नॉर्मलपेक्षा शंभर पट किंवा त्याहूनही जास्त संवेदनशील असतात, आणि मुख्य म्हणजे एकदा थांबल्या की लवकर सावरतच नाहीत. नॉर्मल पेशी काही तासांनी फेरोमोनला सरावतात आणि परत वाढायला लागतात, त्यामुळे त्यांच्या हेलोची कड धूसर असते, एसएसटी२ नसेल तर हेलो मोठा आणि एकदम स्वच्छ.

नक्की हे प्रोटीन करतं काय, हे समजायला मात्र आणखी चौदा-पंधरा वर्षं गेली. १९९६ हे वर्ष या विषयात खूप गजबजलेलं आहे. एकीकडे हेन्रिक डोहलमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एसएसटी२ थेट जीपीए१ ला जाऊन भिडतं, दुसरीकडे सी. एलिगन्स या कृमीत अंडी घालण्यावर परिणाम करणारं ईजीएल-१० सापडलं आणि ते एसएसटी२ सारखंच दिसत होतं, अ‍ॅस्परजिलस बुरशीतलं एफएलबीए आधीच माहीत होतं, आणि माणसातही तशीच प्रोटीन्स मिळायला लागली. सगळ्यांमध्ये सुमारे १२० अमिनो आम्लांचा एक सारखा भाग. या कुटुंबाला नाव मिळालं आरजीएस, म्हणजे जी प्रोटीन सिग्नलिंगचे नियंत्रक. त्याच वर्षी हेही सिद्ध झालं की ही प्रोटीन्स अल्फा तुकड्याचा जीटीपी तोडण्याचा वेग वाढवतात, १९९७ मध्ये आरजीएस४ आणि जी अल्फा एकत्र असतानाची रचना दिसली, आणि १९९८ मध्ये शुद्ध केलेल्या एसएसटी२ आणि जीपीए१ वरही तेच दाखवलं गेलं. रचनेतून कळलं ते असं की आरजीएस स्वतः जीटीपीला हात लावत नाही, ते अल्फा तुकड्याचे हलणारे भाग अशा स्थितीत घट्ट धरून ठेवतं की जीटीपी तुटणं सोपं जावं. तोडतो जीपीए१ च, एसएसटी२ त्याला फक्त योग्य स्थितीत बसवतं.

आणि १९९८ चाच एक प्रयोग मी मुलांना आवर्जून सांगते. जीपीए१ मध्ये ३०२ व्या जागेवर ग्लायसिन असतं, तिथे सेरिन टाकलं, डीएनएचं एकच अक्षर बदललं, बाकी सगळं तसंच. जीपीए१ आपलं नेहमीचं काम नीट करतो, पण एसएसटी२ त्याच्यावर चालत नाही. आणि त्या पेशी वागतात अगदी एसएसटी२ नसल्यासारख्या. म्हणजे एसएसटी२ पेशीत भरपूर आहे, पण ज्याला धरायचं तो धरता येत नाही. कुठलं प्रोटीन कुणावर काम करतं हे दाखवायचं असेल तर यापेक्षा नेटका पुरावा मला तरी माहीत नाही.

इथपर्यंत ऐकलं की मुलं म्हणतात, "मॅडम, म्हणजे तो ब्रेक आहे." हो, आहे, पण एवढ्यावर थांबलं तर खरी मजा निसटते, आणि हाच माझा आजचा मुद्दा आहे. एसएसटी२ नुसतं सिग्नल कमी करत नाही, ते पेशीला मोजायला लावतं.

बघा कसं ते. एसएसटी२ मध्ये आरजीएस भागाशिवाय सुरुवातीच्या बाजूला डीईपी नावाचे भाग आहेत, आणि २००६ मध्ये दिसलं की या भागांनी ते थेट एसटीई२ रिसेप्टरच्या शेपटीला धरून बसतं. म्हणजे चालू करणारा आणि बंद करणारा एकाच जागी, खेटून. फेरोमोन बसून रिसेप्टरच्या शेपटीवर फॉस्फेट लागले की एसएसटी२ ची तिथली पकड सुटते. याचा अर्थ असा होतो की भरलेला रिसेप्टर जी प्रोटीन चालू करतो आणि रिकामा रिसेप्टर, ज्याच्या शेपटीला एसएसटी२ अजून चिकटलेलं आहे, तो जवळची जी प्रोटीन्स बंद करत राहतो. रिकामा रिसेप्टर गप्प बसलेला नाही, तो "नाही" म्हणतोय.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एखाद्या ठरावाला नुसते बाजूचे हात मोजले तर निकाल किती लोक आले त्यावर ठरतो, भरलेल्या हॉलमध्ये वीस हात आणि अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये वीस हात यांत काही फरकच उरत नाही, पण विरोधातले हातही मोजले की मग हजर लोकांपैकी किती टक्के बाजूने आहेत हे कळतं. यीस्टने अगदी हेच केलंय. २०१६ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं, पेशीवरच्या रिसेप्टरची संख्या कमी-जास्त केली तरी उत्तर फारसं बदलत नाही, किती रिसेप्टर भरलेत यापेक्षा एकूणातले किती टक्के भरलेत यावर सिग्नल ठरतो, आणि एसएसटी२ ची रिसेप्टरवरची पकड घालवली की हा गुण जातो. एका पेशीवर साधारण दहा हजार रिसेप्टर असतात आणि प्रत्येक पेशीत तो आकडा सारखा नसणारच, तरीही शेजारच्या दोन पेशी एकाच फेरोमोनला सारखंच वाचतात ते यामुळे.

त्याआधी २००८ मध्ये रॉजर ब्रेंट यांच्या गटाने दाखवलं होतं की किती टक्के रिसेप्टर भरलेत याचा आलेख आणि पुढे सिग्नल किती टक्के गेला याचा आलेख जवळजवळ एकावर एक बसतात. हे आपोआप होणारं नाही हो, साखळीत इतके टप्पे आहेत की मधेच कुठेतरी सगळं ठासून भरायला हवं होतं आणि मग थोडा फेरोमोन आणि जास्त फेरोमोन यात फरकच कळला नसता. पुढच्या टप्प्यावरून मागे येणारी रोखणारी यंत्रणा हे जुळवून ठेवते. एसएसटी२ नसलेल्या पेशीचं नेमकं तेच होतं, थोड्याशा फेरोमोनमध्येच तिचं सगळं चालू, म्हणजे मग जास्त कुठल्या बाजूला आहे हे तिला कळणार कसं? लीलंड हार्टवेल यांच्या लॅबमध्ये १९९० च्या सुमाराला जोडीदार निवडण्यावर जे काम झालं त्यात दिसलं की पेशी सगळ्यात जोरदार फेरोमोन सोडणाऱ्या जोडीदाराकडे जाते, आणि अतिसंवेदनशील म्युटंटची ही निवड बिघडते. ज्याला जास्त ऐकू येतं त्याला चांगलं ऐकू येतं असं नाही, हे इथे अक्षरशः प्लेटवर दिसतं.

अजून एक थर आहे. एसएसटी२ चा जीन स्वतः फेरोमोननेच चालू होतो. म्हणजे निरोप आला की पेशी निरोप बंद करणारं प्रोटीन जास्त बनवायला घेते, शिवाय एफयूएस३ एसएसटी२ ला ५३९ व्या सेरिनवर फॉस्फेट लावतो त्यामुळे ते तुटणं मंदावतं आणि जास्त वेळ टिकतं. आणि नियंत्रक सगळे रोखणारेच असतात असं नाही, एआरआर४ नावाचं एक प्रोटीन रिसेप्टरशिवाय आतूनच जीपीए१ ला चालू व्हायला मदत करतं असं २००८ मध्ये दिसलंय. पण त्यात शिरले तर पोस्ट संपायची नाही.

माझा भाचा दिंडोरीकडच्या एका वायनरीत लॅबमध्ये आहे. हार्वेस्ट चालू असताना, म्हणजे जानेवारी ते मार्च, त्याला घरी जेवायला पण वेळ नसतो, पण एकदा आला तेव्हा मी हे सगळं उत्साहाने त्याला सांगितलं तर म्हणाला, "मावशी, मग आमच्या टँकमधलं यीस्ट पण हेच करतं का गं?" चांगला प्रश्न आहे, आणि उत्तर आहे बहुतेक नाही. वाइनच्या यीस्टच्या पेशी सहसा दुपटीच्या असतात, ए आणि अल्फा दोन्हींची माहिती एकाच पेशीत, आणि अशा पेशीत त्या दोन माहित्यांतून बनणारं एक जोडप्रोटीन फेरोमोनच्या यंत्रणेचे जीन्सच बंद ठेवतं. जीपीए१, एसटीई४, एसटीई१८ हे सगळे बंद. लग्न झालेल्या पेशीला जोडीदार शोधायची यंत्रणा लागत नाही. लॅबमधली यीस्टं एकपट राहतात कारण त्यांच्यातला एचओ नावाचा जीन बिघडवलेला असतो, वाइनच्या यीस्टमध्ये तो सहसा चालू असतो आणि त्यामुळे एकटी पडलेली पेशी प्रकार बदलून आपल्याच वंशातल्या पेशीशी परत दुप्पट होते.

पण त्याच्या टँकमध्ये जी प्रोटीन नाही असं मुळीच नाही! यीस्टकडे दुसरी एक यंत्रणा आहे, जीपीआर१ रिसेप्टर आणि जीपीए२ हा अल्फा तुकडा, आणि ती ओळखते साखर. ग्लुकोज आणि सुक्रोज. द्राक्षाच्या रसात लिटरला दोनशे ग्रॅम किंवा जास्तच साखर, त्यात साधारण निम्मं ग्लुकोज, त्यामुळे पाकिटातलं सुकं यीस्ट भिजवून त्या रसात टाकलं की ही यंत्रणा चालू होणारच. मग सीएएमपी हा पेशीच्या आत निरोप नेणारा छोटा रेणू वाढतो, त्याने प्रोटीन कायनेज ए हे एन्झाइम चालू होतं, पेशी साठवलेलं ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजन खर्चायला काढते आणि वाढीच्या मागे लागते. किंमत अशी की अशा वेळी तिची उष्णता वगैरे ताण सोसायची ताकद कमी होते.

आणि इथेही बंद करणारं आहेच, आरजीएस२. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये योहान थेवेलाइन यांच्या गटाने ते शोधलं, आणि शोधायची पद्धत बघा, ग्लुकोज मिळाल्यावर यीस्ट उष्णता सोसेनासं होतं ना, तर कुठला जीन जास्त प्रमाणात दिला की ते होत नाही हे त्यांनी हुडकलं. आरजीएस२ जास्त असेल तर सीएएमपी कमी वाढतो, ट्रेहॅलोज आणि ग्लायकोजन जास्त साठतं, उष्णता जास्त सोसवते. आरजीएस२ काढलं तर उलट. भाच्याला म्हटलं, तुझ्या टँकचं तापमान तू बाहेरून सांभाळतोस, आतून प्रत्येक पेशी आपल्या परीने हेच गणित करतेय, किती वाढायचं आणि किती राखून ठेवायचं. तो खूश झाला आणि मग त्याने मला तासभर नायट्रोजन कमी पडला की फर्मेंटेशन कसं अडकतं ते सांगितलं, तेही कधीतरी लिहायला हवं.

"हे सगळं यीस्टचं, आम्हाला काय?" असं घरी पण विचारतात. आपल्या शरीरात अशी साधारण वीस आरजीएस प्रोटीन्स आहेत, आणि बंद करणं बिघडलं की काय होतं याचं सगळ्यात भयानक उदाहरण म्हणजे कॉलरा. कॉलऱ्याचं विष आतड्याच्या पेशीतल्या जी अल्फा तुकड्यावर एक रासायनिक गट चिकटवतं आणि तो तुकडा जीटीपी तोडूच शकत नाही. चालू तो चालूच. सीएएमपी वाढतच जातो, आतड्यात क्लोराइड आणि त्याच्यामागून पाणी ओतत राहतं. जंतू पेशी फोडत नाही, कुरतडत नाही, फक्त बंद होऊ देत नाही, आणि तेवढ्याने माणूस काही तासांत दगावू शकतो.

दुसरं उदाहरण डोळ्याचं, आणि हे एसएसटी२ च्या इतकं जवळचं आहे की मला वाचल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं. रेटिनातल्या पेशींमध्ये प्रकाश पडला की जी प्रोटीन चालू होतं आणि आरजीएस९ ते झटकन बंद करतं, म्हणून पुढचं दृश्य दिसायला पेशी मोकळी होते. २००४ मध्ये ब्रॅडिऑप्सिया नावाच्या त्रासाचं कारण सापडलं. या लोकांना अंधारातून उजेडात आलं की कितीतरी सेकंद धड दिसत नाही, आणि अंगावर येणारा चेंडू नीट टिपता येत नाही. काहींच्या आरजीएस९ मध्येच बदल होता. पण काहींचा आरजीएस९ चा जीन अगदी ठीक होता, बदल होता आर९एपी मध्ये, म्हणजे आरजीएस९ ला पडद्यापाशी जागेवर धरून ठेवणाऱ्या प्रोटीनमध्ये. आणि आरजीएस९ त्याला धरतं डीईपी भागाने, एसएसटी२ ज्या भागाने रिसेप्टरची शेपटी धरतं त्याच जातीच्या भागाने. जागा सुटली की आरजीएस९ टिकत नाही आणि सिग्नल रेंगाळतो. बंद करणारं नुसतं असून भागत नाही, ते नेमक्या जागी असावं लागतं, आणि हे यीस्टमध्येही खरं आहे आणि डोळ्यातही.

इथल्या कॉलेजांमधली कुणी मुलं वाचत असतील आणि प्रोजेक्ट शोधत असतील तर सांगते, हेलोचा प्रयोग खरंच करण्यासारखा आहे. बीवाय४७४१ हा लॅबमधला नेहमीचा स्ट्रेन ए प्रकारचाच आहे, त्याच्यावरच एकेक जीन काढलेल्या स्ट्रेनचा जो मोठा संग्रह जगभर वापरतात त्यात एसएसटी२ काढलेलाही मिळतो, अल्फा फॅक्टर विकत मिळतो, आणि बाकी वायपीडी अगार, कागदाच्या चकत्या आणि ३० डिग्रीचा इन्क्युबेटर एवढं कुठल्याही डिपार्टमेंटमध्ये असतं. दोन्ही स्ट्रेनना अल्फा फॅक्टरचे तेच चार-पाच डोस द्या, हेलोचा व्यास मोजा आणि डोसच्या लॉगसमोर ग्राफ काढा, आणि फक्त व्यास मोजून थांबू नका, दुसऱ्या दिवशी कडेपाशी पेशी परत वाढल्यात का तेही बघून लिहा. काही अडलं तर खाली विचारा, मला जमेल तेवढं सांगीन.